फुलपाखरू ओळखायचंय? आधी पान बघा

बागेत एक काळं फुलपाखरू भिरभिरत येतं, मोबाइल काढून कॅमेरा उघडेपर्यंत ते भिंतीपलीकडे गेलेलं असतं, फोटोत येतो फक्त एक धूसर काळा डाग, आणि मग आपण पुस्तक काढून काळ्या फुलपाखरांची पानं चाळत बसतो तर तिथं काळी ढीगभर. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली. नावं पाठ केली, चित्रं पाठ केली, पण समोरून उडत गेलेलं पाखरू काही ओळखता येईना. मग एकदा कढीपत्त्यावर एक अळी सापडली, ती बरणीत वाढवली, आणि त्या एका अळीनं जे शिकवलं ते दोन वर्षं पुस्तकं चाळून कळलं नव्हतं. तेव्हापासून नवीन कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर माझं उत्तर एकच, पंख नंतर, आधी पान. मादी मध प्यायला कुठल्याही फुलावर बसेल, पण अंडं घालताना भारी चोखंदळ असते, तिची झाडं ठरलेली असतात. ते झाड कळलं की निम्मी ओळख तिथंच पटते.

नावांबद्दल एक सांगून टाकते. फुलपाखरांना मराठी नावं आहेत, छान आहेत, पण या नादातली माणसं बोलताना बहुतेक इंग्रजी नावंच घेतात, लाइम, कॉमन मॉरमॉन, प्लेन टायगर वगैरे, म्हणून खाली मीही तीच वापरलीत. नाहीतर पुस्तकात शोधताना पुन्हा गोंधळ.

१. बागेतली झाडं लिहून काढा

वही घ्या आणि बागेत, गॅलरीत, कुंपणाला जे जे आहे ते लिहा, तणासकट. तण मुद्दाम म्हणतेय कारण लोक तेच विसरतात.

लिंबू किंवा कढीपत्ता असेल तर लाइम आणि कॉमन मॉरमॉन येणारच, नवशिक्यांसाठी याच्याइतकं सोपं झाड नाही. पाखरू हातभर मोठं वाटलं आणि मागच्या पंखांवर निळा पसारा दिसला तर ब्लू मॉरमॉन, तेही याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. रुई म्हणजे प्लेन टायगर. कण्हेर म्हणजे कॉमन क्रो. एरंडावर कॉमन कॅस्टर, कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कोस्टर, बहावा किंवा टाकळ्यावर एमिग्रंट, तो सरळसोट वाढणारा खोटा अशोक असेल तर त्यावर टेल्ड जे, आंब्यावर कॉमन बॅरन. ईश्वरीचा वेल कुणाकडे असेल तर नशीबवान, कॉमन रोज आणि क्रिमझन रोज दोन्ही तिथं येतात.

आता तण. कुंडीत आपोआप उगवणारी आंबुशी, ती आंबट तीन पानांची, तिच्यावर पेल ग्रास ब्लू नावाचं नखाएवढं फुलपाखरू वाढतं. घोळीवर डॅनेड एगफ्लाय. चिकण्यावर लेमन पॅन्सी, ग्रेट एगफ्लाय. नुसत्या गवतावरसुद्धा कितीतरी. माझ्या कुंड्या पूर्वी अगदी चकाचक असायच्या आणि फुलपाखरं यायची, मध प्यायची, निघून जायची. खुरपणं कमी केलं तशी ती राहायला लागली.

इथं एक घोळ सगळेच करतात. फुलपाखरू सदाफुलीवर बसलं म्हणून सदाफुली त्याचं झाड होत नाही, घाणेरीचंही तेच. ती खाणावळ, पोरं वाढवायचं घर वेगळं. वहीत दोन रकाने करा, एक मधाच्या झाडांचा, एक अंड्यांच्या झाडांचा. ओळख पटवायला दुसरा रकाना कामाचा.

२. अंडं शोधा

अंडं शोधण्यापेक्षा अंडं घालणारी मादी शोधणं सोपं. मध पिणारं पाखरू फुलावर निवांत बसतं. अंडं घालायला आलेली मादी मात्र एका पानावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, असं करत झाडाभोवती घुटमळत राहते, पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी टकटक करते (चव पायांना कळते त्यांच्या), आणि झाड पसंत पडलं की पोटाचं टोक वळवून पानाला लावते, की झालं. ती गेल्यावर ते पान बघायचं. बहुतेक वेळा कोवळी पालवी असते, कधी पानाची खालची बाजू.

अंड्यांचे आकार जरा नीट बघा, साध्या भिंगातूनही कळतात. लाइम आणि मॉरमॉनचं अंडं म्हणजे फिकट पिवळा गोल गुळगुळीत मणी, एकेक सुटं. एमिग्रंटचं लांबुळकं, दोन्ही टोकांना निमुळतं, पानावर उभं रोवलेलं. प्लेन टायगरचं पांढुरकं, उभ्या रेघारेघांचं, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं, सहसा पानाच्या खाली. टॉनी कोस्टर एकाच ठिकाणी पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालते. आणि एरंडावर कॅस्टरचं अंडं सापडलं तर भिंग हवंच, त्याच्यावर चक्क केस असतात. ब्लूज म्हणजे ती छोटी निळसर फुलपाखरं, त्यांची अंडी चपट्या बटणासारखी, कळ्यांवर कोवळ्या डिरांवर.

अंडं नखानं खरवडून काढू नका, पानासकट तोडा.

३. बरणी

इथं खर्च काही नाही, काळजी आहे. रुंद तोंडाची बरणी किंवा प्लास्टिकचा डबा, तोंडाला जाळीचं किंवा पातळ सुती कापड आणि रबरबँड, तळाला टिश्यू पेपर. झाकण लावून भोकं पाडायची पद्धत मला आवडत नाही, आत दमटपणा धरतो, बुरशी येते, आणि बरणीत दव साचलं की समजायचं काहीतरी चुकतंय.

पानं रोज ताजी, त्याच झाडाची. कढीपत्त्यावर वाढणाऱ्या अळीला मध्येच दुसऱ्या झाडाचं पान देऊन बघू नका, लिंबाच्या कुळातली झाडं कधीकधी चालतात पण प्रयोग कशाला. डहाळी छोट्या बाटलीत पाण्यात ठेवली तर पानं टिकतात, फक्त बाटलीच्या तोंडाशी कापूस घट्ट बसवा कारण अळ्या देठावरून खाली उतरतात आणि पाण्यात बुडून मरतात. हे मी अनुभवाने सांगतेय, पहिल्याच आठवड्यात दोन गेल्या. रोज सकाळी टिश्यू बदलायचा, लेंड्या टाकून द्यायच्या. शेवटच्या दिवसांत अळी इतकं खाते की लेंड्या मिरीएवढ्या होतात आणि बरणीजवळ कान नेला तर पान कुरतडल्याचा आवाज येतो, खोटं नाही सांगत, रात्री शांत असलं की ऐकून बघा.

बरणी उन्हात ठेवायची नाही. अळीला बोटांनी उचलायचं नाही, पानासकट हलवायचं किंवा मऊ ब्रशवर चढवून घ्यायचं. एका बरणीत दोन-तीनच. रोपवाटिकेतून आणलेल्या नव्या रोपाच्या पानांबद्दल सावध राहा, विकत आणलेल्या रोपांवर आधीच औषध मारलेलं असू शकतं, ती पानं खाल्ली की अळ्या तडफडून मरतात आणि आपल्याला कळतही नाही काय झालं. नव्या रोपाला नवी पालवी फुटू द्या, मग ती वापरा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो आणि कण्हेर विषारी आहे, तेव्हा पानं तोडल्यावर हात धुवा, डोळे चोळू नका, मुलं मदतीला असतील तर त्यांच्याकडे जास्त लक्ष.

४. अळी कोणाची

अंडं तीन-चार दिवसांत फुटतं, अळी बहुतेकदा आधी स्वतःचं कवच खाते आणि मग पान. पुढं उबदार हवेत दोनेक आठवडे खाणं आणि कात टाकणं एवढाच उद्योग.

लिंबावर आणि कढीपत्त्यावर बघताना एक लक्षात ठेवा, पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली तर पुसू नका, आधी फुंकर मारा. लाइम आणि मॉरमॉनच्या लहान अळ्या हुबेहूब शीट दिसतात, काळपट तपकिरी, मधे पांढरा ओघळ, वर ओलसर चकाकी. मी स्वतः कित्येकदा पाण्याच्या फवाऱ्याने अशी "घाण" धुऊन टाकलीय, आता आठवलं की वाईट वाटतं. शेवटची कात टाकली की मात्र तीच अळी एकदम हिरवीगार होते, अंगावर तपकिरी तिरके पट्टे येतात. आणि हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दोन फाट्यांचं नारिंगी-लाल शिंगासारखं काहीतरी बाहेर काढते, सोबत उग्र वास. घाबरू नका, तिच्याकडे तेवढंच शस्त्र आहे. हे शिंग दिसलं म्हणजे अळी स्वॅलोटेल कुळातली, शंभर टक्के. पण लाइम की मॉरमॉन हे लहान वयात सांगायचा अट्टहास नको, मी अजूनही वहीत "लाइम/मॉरमॉन" असंच लिहिते आणि थांबते.

रुईवरची अळी बघून कुणीही प्रेमात पडेल, पांढरे काळे पट्टे, पिवळे ठिपके, आणि अंगावर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. तीन, हे मोजा. कण्हेरीवर कॉमन क्रोची अळी असते तिला अशाच चार जोड्या. तीन असतील तर टायगर आणि चार असतील तर क्रो, एवढ्या एका आकड्यावर नवशिक्यांचं बरंच काम होतं, आणि झाडही वेगळं असल्यामुळे चूक होणं अवघडच.

कृष्णकमळावरच्या टॉनी कोस्टरच्या अळ्या लालसर तपकिरी आणि अंगभर फांद्या फुटलेले काटे, घोळक्याने खातात, दिसायला भयंकर पण काही करत नाहीत. आंब्यावर बॅरनची अळी शोधणं हा वेगळाच खेळ आहे. हिरवी अळी, पाठीवर मधोमध फिकट रेघ, दोन्ही बाजूंना पिसांसारखे पसरलेले काटे, आणि बसते ती बरोब्बर पानाच्या मधल्या शिरेवर, तिची रेघ पानाच्या शिरेवर जुळवून. मी एकदा ज्या पानाचा फोटो काढला, त्यावर अळी आहे हे मला फोटो मोठा करून बघितल्यावर कळलं. पान गुंडाळून नळी केलेली दिसली तर आत बहुधा स्किपर कुळातली अळी असते, किंवा पतंगाची, दोन्ही शक्य.

आणि केसाळ सुरवंट? त्याला हात लावायचा नाही. बागेतले दाट केसांचे सुरवंट बहुतेक पतंगांचे असतात आणि काहींच्या केसांनी अंगावर गांधी उठतात. टॉनी कोस्टरचे काटे आणि सुरवंटाचे केस यातला फरक नजर बसेपर्यंत कळत नाही, तोवर नियम सोपा, काटे-केस काहीही असो, लांबूनच बघा.

अळी एकदम खायची थांबली, दिवसभर हलली नाही, डोकं अंगाच्या मानानं लहान दिसायला लागलं, तर ती आजारी नाही, कात टाकायच्या बेतात आहे. तेव्हा तिला पानावरून ओढून काढू नका. ती बसलीय तेवढा पानाचा तुकडा कापून नव्या पानावर ठेवा.

५. कोष, म्हणजे कुळाची ओळख

कोषाकडे लोक नुसतं वाट बघण्याचा काळ म्हणून बघतात, मला उलट तो ओळखीसाठी सगळ्यात स्वच्छ टप्पा वाटतो. दोनच प्रश्न विचारा. कोष उलटा लोंबतोय का? की कमरेला दोरा बांधून टेकलाय?

स्वॅलोटेल (लाइम, मॉरमॉन, रोज, टेल्ड जे) आणि पांढऱ्या-पिवळ्यांचं कुळ (एमिग्रंट, ग्रास यलो, जेझबेल) यांचे कोष डोकं वर करून, कमरेभोवती रेशमाचा एक दोर, अगदी ताडावर चढणाऱ्या माणसाच्या कमरेला असतो तसा. टायगर, क्रो, पॅन्सी, बॅरन, कॅस्टर या सगळ्या मोठ्या कुळाचे कोष शेपटीच्या टोकाला उलटे टांगलेले, दोरबिर काही नाही. लाइम-मॉरमॉनचा कोष कधी हिरवा कधी तपकिरी असतो, त्यावरून जात ठरवू नका. प्लेन टायगरचा हिरवा किंवा गुलाबीसर, वर सोनेरी ठिपके. आणि कॉमन क्रोचा कोष म्हणजे चमचमता आरसा, खरोखर चांदीसारखा, त्यात बरणीसमोरच्या माणसाचं तोंड दिसतं. तो एकदा बघितला की आयुष्यात विसरणार नाही, ओळखायला पुस्तक लागत नाही.

कोष होण्याआधी अळी खाणं बंद करते, पोट रिकामं करते आणि बरणीभर सैरावैरा फिरते. अशा वेळी आत एखादी खडबडीत काडी असावी. टांगणाऱ्या कुळातली अळी मग उलटी लटकून इंग्रजी जे अक्षरासारखी वाकते आणि रात्रभर तशीच राहते. माझी पहिली प्लेन टायगरची अळी अशी लटकली तेव्हा मी स्टूल घेऊन समोर बसले होते. सकाळी ती जराशी सरळ झाली, शिंगं मरगळून वेडीवाकडी लोंबायला लागली, डोक्यामागे पाठीवर कातडी उकलली आणि आतून हिरवं ओलं काहीतरी फुगत फुगत बाहेर. पट्ट्यापट्ट्यांची कातडी मोज्यासारखी वर सरकत शेपटीपाशी गोळा झाली. मग त्या कोषानं गरगर गिरक्या घेतल्या, ते चिंध्यांचं गाठोडं खाली पाडेपर्यंत. दोन-तीन मिनिटांत सगळा खेळ आटोपला. मी चहा आणायला उठले नाही हे बरं झालं.

कोष पडला तर? काही बिघडत नाही. शेपटीच्या टोकाला जे रेशीम असतं त्यात दोरा ओवून टांगा, नाहीतर खडबडीत कापडाशेजारी आडवा ठेवा म्हणजे बाहेर आलेल्या पाखराला वर चढता येईल. चढायला जागा मिळाली नाही तर पंख नीट उलगडत नाहीत आणि तसेच दुमडून वाळतात, मग ते कधीच उडत नाही.

६. बाहेर आलं, आता नाव लिहा

साधारण आठ-दहा दिवसांनी, थंडीत आणखी जास्त, कोष काळपट होतो आणि आतले पंखांचे रंग बाहेरून दिसायला लागतात. म्हणजे उद्या सकाळी. बाहेर आल्यावर पाखरू लालसर पाणी टाकतं, ते रक्त नाही, कोषात साठलेली घाण असते. पंख वाळायला दोन-चार तास द्या, याच वेळात फोटो काढा कारण पुढं कधीही ते इतकं शांत बसणार नाही. पंख उघडे आणि मिटलेले, दोन्ही बाजूंचे हवेत. नुसत्या वरच्या बाजूवरून ओळख ठरवणारे फसतात. कॉमन जेझबेल वरून साधं पांढरं दिसतं, मिटलं की खाली पिवळा आणि लाल-केशरी रंगांचा बाजार.

आता माझी ती गोष्ट, ज्याच्यावरून "आधी पान" हे डोक्यात पक्कं बसलं. कढीपत्त्यावरचे तीन कोष होते. पहिल्यातून काळं पाखरू आलं, मागच्या पंखांवर आडवा पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा, कॉमन मॉरमॉनचा नर. दुसऱ्यातून आलं ते वेगळंच, मागच्या पंखांवर मधे पांढरा ठसा, कडेनं लालसर चंद्रकोरी. पुस्तक उघडलं, चित्र जुळलं, वहीत लिहिलं कॉमन रोज. रात्री अंथरुणात लक्षात आलं की अगं, रोजची अळी ईश्वरीवर वाढते, ती कढीपत्त्याला तोंड लावणार नाही, मग कढीपत्त्याच्या बरणीतून रोज येईल कसं? सकाळी फोटो पुन्हा बघितला. रोजचं अंग लाल असतं, डोकं आणि पोट लालभडक. माझ्या पाखराचं अंग काळंकुट्ट. ती मॉरमॉनचीच मादी, रोजची नक्कल करणारी.

रोज अळीपणी ईश्वरीतलं विष अंगात साठवतं म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि मॉरमॉनची मादी त्याचा नुसता वेश घेते. मॉरमॉनच्या माद्यांची तीन रूपं असतात, एक नरासारखं (साइरस), एक कॉमन रोजसारखं (स्टिकियस), एक क्रिमझन रोजसारखं (रोम्युलस). या वेशांतराची सूत्रं डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाकडे आहेत हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं. आपल्यासाठी खूण मात्र सोपी, अंग लाल तर रोज, अंग काळं तर मॉरमॉन. उडताना दिसत नाही पटकन, बसलं की दिसतं.

असाच दुसरा जोड प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी. दोघी केशरी, पुढच्या पंखाची टोकं काळी, त्यावर पांढरा पट्टा. फरक मागच्या पंखावर बघायचा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी फक्त एक. शिवाय एक रुईवरून येते, दुसरी घोळीवरून, तुमच्या बरणीतल्या पानानं उत्तर आधीच दिलेलं असतं. डॅनेड एगफ्लायचा नर तर या दोघींशी काडीचाही संबंध नसल्यासारखा, काळा, वर जांभळ्या झाकेचे मोठे पांढरे गोल. आणि प्लेन टायगरच्या त्या ठिपक्यांत चौथा, जरा फुगीर ठिपका असेल तर तो नर, तीनच असतील तर मादी.

७. बागेतलं उडतं पाखरू

चार-पाच जाती वाढवून झाल्या की मग बागेत बघायची नजर आपोआप बदलते, तरी काही गोष्टी मुद्दाम बघायच्या. रंग सगळ्यात शेवटी.

आधी मिशा बघा. टोकाला गाठ किंवा मुगदलासारखा फुगीर भाग असेल तर फुलपाखरू, पिसासारख्या किंवा नुसत्या दोऱ्यासारख्या असतील तर सहसा पतंग. टोकं आकड्यासारखी मागं वळलेली आणि शरीर ठेंगणं-जाड, उडणं टुणटुण उड्या मारल्यासारखं, तर स्किपर. मग पाय. बसलेलं पाखरू चारच पायांवर उभं दिसलं तर ते टायगर-क्रो-पॅन्सीवाल्या कुळातलं, त्यांची पुढची जोडी आखडलेली असते. स्वॅलोटेल आणि पांढरी-पिवळी सहाही पायांवर उभी राहतात. मग बसायची आणि उडायची तऱ्हा: पॅन्सी पंख उघडे टाकून उन्हात शेकत बसते, टेल्ड जे फुलावर असतानासुद्धा पंख फडफडवत राहतं, क्रो आणि टायगर अगदी आरामात तरंगत जातात, त्यांना घाई नाही, विषारी माणसाला कशाची भीती.

ब्लूजना सुरुवातीला हात घालू नका. नखाएवढी, सगळी राखाडी-निळी, खालच्या बाजूच्या रेघा-ठिपके मोजावे लागतात. वहीत "ब्लू" लिहा आणि पुढं चला. एवढं मात्र बघून ठेवा, त्यांतल्या बऱ्याच जातींना मागच्या पंखांना दोन बारीक शेपट्या आणि शेजारी डोळ्यासारखा ठिपका असतो, बसल्यावर मागचे पंख असे घासतात की डोकं मागच्या बाजूला आहे असं वाटावं. पक्ष्यानं चोच मारली तर मागच्या पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. असे मागून फाटलेले ब्लूज बागेत हमखास दिसतात.

ऋतूही लिहा. कॉमन इव्हनिंग ब्राऊन पावसाळ्यात पंखांच्या खाली ठसठशीत डोळे घेऊन येतं आणि कोरड्या दिवसांत तेच पाखरू डोळे पुसून वाळक्या पानासारखं होतं. पीकॉक पॅन्सीचंही तसंच. दोन वेगळ्या जाती समजून मी एकदा दोन नावं शोधत बसले होते.

आयनॅचरलिस्टसारखी अ‍ॅप जरूर वापरा, पण ते सुचवतं तो अंदाज असतो. फोटोसोबत झाडाचं नाव लिहिलंत तर ओळखून देणाऱ्या माणसांनाही सोपं जातं.

८. जे जगत नाहीत ते

हे कुणी आधी सांगत नाही म्हणून नवशिके खचतात. बागेतून मोठी अळी आणली की तिच्या पोटात आधीच कुणीतरी असू शकतं. काही माश्या आणि बारीक गांधीलमाश्या अळीत किंवा अळीवर अंडी घालतात, अळी खाते-पिते, कोषही करते, आणि कोषाला एक भोक पडून बाहेर येते माशी. कोष एकाच बाजूनं काळा पडला, हलकं बोट लावल्यावरही हलला नाही, खाली धाग्याला लोंबणारी पांढरी अळी दिसली, तर पाखरू येणार नाही. यात तुमची चूक नाही. म्हणून तर अंडी आणायची, मोठ्या अळ्या नाही, अंड्यापासून वाढवलेल्यांत ही भानगड बरीच कमी होते. अळी काळी पडून लिबलिबीत झाली तर मात्र रोग, ती लगेच काढा, बरणी साबणानं धुवून उन्हात वाळवा, त्या बरणीतल्या बाकीच्या वेगळ्या करा.

आणि भसाभस अळ्या गोळा करू नका. झाडावरच्या दोन-तीन आणा, बाकी तिथंच राहू द्या, पक्ष्यांनाही खायचंय. सोडताना ज्या झाडावरून अंडं आणलं तिथंच, उन्हं आल्यावर, पावसात नाही.

वहीतली नोंद लांबलचक नको. माझी एक अशी आहे: "कढीपत्ता, कोवळी पालवी, अंडी ४. अळ्या ४, एक पाण्यात. कोष ३, हिरवे २ तपकिरी १. बाहेर: मॉरमॉन नर, ~~कॉमन रोज~~ मॉरमॉन मादी, अंग काळं. तिसऱ्यातून माशी."